चट्टा दिसत नसतानाही त्वचेत काय बिघडलेलं असतं? इसबाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरकडच्या एका ताईंची मुलगी आठ वर्षांची आहे. तान्ही असल्यापासून अंग कोरडं, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब. थंडीत जोर असतो आणि मे महिन्यातही. मलम लावलं की चट्टा जातो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी परत येतो. कोणीतरी त्यांना सांगितलं की इसब असलेल्यांच्या त्वचेचं 'मेटाबोलिझम', म्हणजे चयापचय, बदललेलं असतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्याला घोर लागलाय. थायरॉईड, साखर, लिव्हर तपासायचं का? मासे बंद केलेत, ते बरोबर का? सासूबाई मुठेल, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांची चरबी, चोळतात, ते चालेल का? आणि घरातले विचारतात, चट्टा नाही तर मलम कशाला, त्यांना काय सांगायचं?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. चट्टा दिसत नाही तिथली त्वचासुद्धा आतून बिघडलेली असते. डोळ्यांना साफ दिसणाऱ्या कातडीत चरबी वेगळी बनते, प्रथिनं वेगळी तुटतात, आंबटपणा कमी पडतो आणि पेशी इंधनही वेगळ्या पद्धतीने जाळतात. तुम्हाला कोणी सांगितलं ते खरं आहे. फक्त हा बिघाड त्वचेच्या स्वतःच्या चयापचयाचा आहे, शरीराच्या नव्हे. तुमच्या मुलीचं वजन-उंची वयाप्रमाणे वाढत असेल आणि इतर काही तक्रार नसेल, तर इसबासाठी म्हणून थायरॉईड, साखर, लिव्हर यांतलं काहीही तपासायची गरज नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता त्वचेत होतं काय ते सांगतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. आपल्याकडची चिऱ्याची भिंत डोळ्यापुढे आणा. पेशी म्हणजे चिरे आणि त्यांच्या मधल्या सांध्यांत भरलेली चरबी म्हणजे चिऱ्यांच्या फटींतला चुना. ही चरबी खाण्यातून थेट येऊन तिथे बसत नाही, त्वचेच्या पेशी ती जागच्या जागी तयार करतात. तिचे तीन मुख्य घटक: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी फॅटी अॅसिडं. वजनाने पाहिलं तर निम्मा वाटा सेरामाइडचा. हे कोलेस्टेरॉल तिथे हवंच असतं. रक्ताच्या रिपोर्टातल्या कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध जोडू नका.

१९९१ साली जपानमध्ये गेनजी इमोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अॅटोपिक (म्हणजे जन्मजात प्रकृतीतून येणाऱ्या) इसबाच्या रुग्णांच्या त्वचेत सेरामाइड कमी असतं, आणि चट्टा नसलेल्या जागीही कमी असतं. पुढे कारणंही उलगडत गेली. सेरामाइड ज्या कच्च्या मालातून बनतं त्यातला काही भाग या रुग्णांत एक वेगळं एन्झाइम भलतीकडेच वळवतं. शिवाय जे सेरामाइड बनतं त्याच्या साखळ्या आखूड राहतात. निरोगी त्वचेत लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून उभे राहतात. साखळी आखूड झाली की रचना सैल पडते, आतलं पाणी वाफ होऊन निसटतं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत घुसतात. साखळ्या लांब करणारी एन्झाइमं मंदावतात त्याला मोठं कारण म्हणजे इसबातल्या दाहाचे दोन संदेशवाहक, इंटरल्यूकिन ४ आणि इंटरल्यूकिन १३. हे दोघे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

चरबीइतकीच महत्त्वाची गोष्ट प्रथिनाची. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन त्वचेच्या पेशीला आकार देतं आणि आपलं काम झालं की स्वतः तुटून जातं. त्याचे तुकडे म्हणजे अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून बनणारे पदार्थ. हेच त्वचेचं नैसर्गिक मॉइश्चरायझर, तेच पाणी धरून ठेवतात. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅकलीन यांच्या गटाने फिलाग्रिनच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध सिद्ध केला आणि आमच्या त्वचारोगशास्त्राची दिशाच बदलली. तोवर बहुतेकांना इसब हा प्रतिकारशक्तीचा आजार वाटायचा आणि त्वचा त्यात बिचारी सापडलेली.

युरोपात साधारण दहातल्या एकाच्या अंगात असा एखादा दोष असतो. आशियातल्या लोकांत दोष वेगळ्या जागी सापडतात. पण जनुक धडधाकट असलं तरी वर सांगितलेले दोन संदेशवाहक फिलाग्रिनचं उत्पादन खाली आणतातच. म्हणून जनुकाची तपासणी करून उपचारात काही फरक पडत नाही, आणि मी ती करायला सांगत नाही.

घरी मात्र एक गोष्ट बघा. मुलीचा तळहात उजेडात धरा आणि तुमचा शेजारी ठेवा. अंगठ्याखालच्या फुगीर भागावर तिच्या रेषा जास्त, खोल, आडव्या-उभ्या जाळीसारख्या दिसतात का? मग दंडाच्या मागच्या बाजूवरून हात फिरवा, बारीक काटे लागल्यासारखं खरखरीत लागतं का? नडगीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे आहेत का? हे तिन्ही असेल तर फिलाग्रिनची जन्मजात कमतरता असण्याची शक्यता बरीच आहे. अशा मुलांना मॉइश्चरायझर बंद करून चालत नाही, चट्टे गेले तरीही.

फिलाग्रिनमधल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून युरोकॅनिक आम्ल बनतं. त्याच्या जोडीला इतर आम्लं येतात आणि त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साडेचार ते साडेपाचच्या घरात राहतो, म्हणजे आंबट. हा आंबटपणा फार कामाचा आहे. सेरामाइड तयार करणारी एन्झाइमं आंबट वातावरणातच नीट चालतात, तर पेशींचे सांधे तोडणारी एन्झाइमं पीएच वर गेला की चेकाळतात. इसबाच्या त्वचेत पीएच वर सरकलेला असतो. त्यात आपण नऊ-दहा पीएचचा कपडे धुतल्यासारखा फेस येणारा साबण लावायचा, वर घासणीने खसाखसा घासायचं, आणि मग म्हणायचं की पोरीचं अंग कोरडं का! दिवाळीच्या पहाटे एकदा उटणं लावलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण या मुलीला डाळीच्या पिठाने रोज घासू नका. पाच-साडेपाच पीएचचा साबणविरहित वडीसारखा क्लेन्झर मिळतो तो घ्या, आणि तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता. उरलेल्या अंगाला नुसतं कोमट पाणी पुरतं.

याच वर सरकलेल्या पीएचवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मजेत राहतो. वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज केली तर इसबाच्या चट्ट्यांवर साधारण ७० टक्के रुग्णांत तो सापडतो, आणि त्याच रुग्णांच्या साफ दिसणाऱ्या त्वचेवरही ३९ टक्क्यांत. निरोगी त्वचेवरचे चांगले जंतू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून काही पदार्थ बनवतात, ते पेशीतल्या एका ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या रेणूला) चिकटून दाह शांत ठेवतात. इसबाच्या त्वचेवर असा एक पदार्थ कमी सापडतो, हे २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं. गंमत म्हणजे आमच्या आधीच्या पिढीचे डॉक्टर जे काळं, वासाचं कोलटार लावायचे ते याच ग्राहीवर काम करतं आणि फिलाग्रिन वाढवतं, हे २०१३ मध्ये कळलं. तोवर शंभरावर वर्षं लोक ते लावतच होते. वासामुळे आणि कपड्यांना पडणाऱ्या डागांमुळे मी ते मुलांना सहसा देत नाही, तेवढंच.

इंधनाबद्दल थोडं. चट्ट्यातल्या पेशी घाईघाईने वाढतात. घाईच्या वाढीला साखर भराभर जाळावी लागते, त्यात लॅक्टेट साठतं. हे अपेक्षितच. पण चट्टा नसलेल्या त्वचेतही पेशींची ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, गरजेपेक्षा जास्त काम करताना आढळतात आणि त्यातून ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. यावरून कोणी तुम्हाला 'अँटिऑक्सिडंट' गोळ्या, कॅप्सूल, रसाच्या बाटल्या विकायला आलं तर घेऊ नका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर औषध घालून जे दिसतं ते गोळी गिळून त्वचेत घडतं, असं समजायला आधार नाही.

असा धडा आम्ही एकदा शिकलो आहोत. १९२९ मध्ये अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना चरबीविरहित खाणं दिलं, त्यांची कातडी खवल्यांसारखी सुटू लागली, आणि आवश्यक फॅटी अॅसिडं ही कल्पना जन्माला आली. पुढे १९८०च्या दशकात इसबाच्या रुग्णांच्या रक्तात लिनोलिक या अशाच एका आवश्यक आम्लाचं पुढचं रूपांतर अडतं असं दिसलं. मग ते रूपांतर झालेलं आम्लच पोटातून देऊ, म्हणून ते असलेल्या ईव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल निघाल्या. तर्क अगदी सरळ होता. ब्रिटनमध्ये त्या इसबाचं औषध म्हणून अधिकृतपणे मिळायच्या. परिणामाचा पुरावा पुरेसा नाही म्हणून २००२ मध्ये तो परवाना काढून घेतला, आणि २०१३ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर त्या कॅप्सूल आणि नकली कॅप्सूल यांत फरक निघाला नाही. आपल्याकडे त्या अजून लिहून दिल्या जातात.

हाच मुद्दा माशांना लागू होतो. बांगडा उष्ण, कोळंबी खाजरी, म्हणून पोरीला नुसत्या वरणभातावर ठेवायचं, हे किनाऱ्यावरच्या घराघरात चालतं. बाकीचे तळलेली सुरमई खातात आणि ती बघत बसते. ताई, मासे चालू करा. इसब असलेल्या थोड्या मुलांना अन्नाची खरी अॅलर्जी असते, विशेषतः फार लहान वयात आणि इसब तीव्र असेल तर. पण ती ओळखायची खूण अशी: तोच पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. असं झालं असेल तर तो पदार्थ बंद, आणि लगेच दाखवायचं. 'मासे खाल्ले आणि दोन दिवसांनी खाज वाढली' यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण दोन दिवसांत घाम, शाळेचा युनिफॉर्म, मांजर, परीक्षा असं बरंच काही होऊन गेलेलं असतं.

बांगड्याबद्दल एक खरी गोष्ट आहे, ती सांगून ठेवतो. त्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय उन्हात पडून राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते शिजवून जात नाही. असा बांगडा खाल्ला की कोणाचंही तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, मग त्याला इसब असो वा नसो. ही विषबाधा आहे, अॅलर्जी नव्हे. उपाय ताजा मासा घेण्याचा. शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून मिळणारा तो लांबलचक कागदही नको. त्यात पाच-सहा गोष्टी 'पॉझिटिव्ह' येतातच, आई घाबरून दूध, अंडी, शेंगदाणे, मासे सगळं बंद करते, आणि मूल सुकतं. शिवाय जो पदार्थ मूल आरामात खात होतं तो बराच काळ विनाकारण तोडला तर पुन्हा देताना खरी अॅलर्जी उद्भवल्याची उदाहरणं आहेत.

आता सासूबाईंचं मुठेल. मला ते आवडतं, आणि त्यांना दुखवू नका. रातांब्याच्या बियांतली ही चरबी मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्लाची असते, म्हणून ती साध्या तापमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उबेजवळ मऊ होते. पाण्याची वाफ अडवण्याचं काम ती चांगलं करते. सेरामाइडची कमतरता ती भरून काढत नाही. टाचांच्या भेगांना, थंडीत नडगीला उत्तम. पण बहुतेक घरांत काय चालतं ते मला माहीत आहे: एकच गोळा, तो चुलीच्या धगीला धरायचा, आजोबांच्या टाचेवर फिरवायचा आणि तोच नातीच्या कोपरावर. तसं नको. तिच्यासाठी वेगळा तुकडा स्वच्छ डबीत ठेवा, हातावर वितळवून मग लावा, केसांच्या दिशेने, चोळचोळ न करता. लस येत असेल, पिवळी खपली असेल तिथे बिलकुल लावू नका. मे आणि पावसाळ्यात काखा, मान, लवणी इथे लावलं तर घामोळं आणि केसांच्या मुळाशी फोड येतात.

खोबरेल तेलाला मात्र चाचणीचा आधार आहे. २०१४ मध्ये फिलिपिन्समधल्या ११७ मुलांवरच्या अभ्यासात आठ आठवडे व्हर्जिन खोबरेल लावल्यावर खनिज तेलापेक्षा इसब जास्त कमी झाला आणि त्वचेतून वाफ निसटण्याचं प्रमाणही घटलं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्याला थोडा जंतुनाशक गुण आहे. घाण्याचं ताजं, वास न मारणारं तेल अंगाला लावायला हरकत नाही. डोक्यात कोंडा असेल तर तिथे आणि चेहऱ्यावर नको, कारण मॅलेसेझिया नावाची बुरशी याच प्रकारच्या आम्लांवर जगते. ऑलिव्ह तेल महागडं आहे आणि उलटं काम करतं. २०१३ मधल्या शेफिल्डच्या अभ्यासात त्याने मोठ्या माणसांच्या निरोगी त्वचेचाही वरचा थर कमजोर केला. मोहरीचं तेलही नको.

तेल की क्रीम? दोन्ही चालतील, पण एकट्या तेलाने पाणी आत जात नाही, म्हणून आंघोळीनंतर अंग टिपून, कातडी ओलसर असतानाच लावा. 'सेरामाइड असलेली' क्रीमं चांगली आहेत. साध्या क्रीमपेक्षा ती दरवेळी सरस ठरतात असं मात्र नाही, आणि किंमत चौपट असते. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम अशा चार प्रकारांची थेट तुलना झाली. इसबावरच्या परिणामात फरक पडला नाही. मुलाला आवडतं, पालकांना परवडतं, रोज लावलं जातं, तेच उत्तम. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया नाव बरोबर घेतात आणि प्रमाणात फसतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हणतात. आपल्याकडच्या दमट हवेत मी त्याच्या निम्म्यावरही समाधानी असतो, पण ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली असेल तर ती लावलेलीच नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकायची तेलं आणि पावडरी घेऊ नका. २०१८ च्या मोठ्या चाचणीत अशा तेलांचा उपयोग दिसला नाही.

घामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मे महिन्यातल्या त्रासाचं उत्तर तिथेच आहे. घाम वाईट नाही, त्यातली आम्लं त्वचेला हवीच असतात. तो अंगावर वाळतो तेव्हा गडबड होते. २०१८ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं की इसब भडकलेला असताना घामात ग्लुकोजचं प्रमाण वाढलेलं असतं आणि असं ग्लुकोज वरच्या थराची दुरुस्ती लांबवतं. इथेही रक्तातल्या साखरेचा काही संबंध नाही, मधुमेहाची शंका घेऊ नका. शाळेतून आली, खेळून आली, की साध्या पाण्याने मान, लवणी, काखा धुवायच्या, टिपायच्या, पातळ थर लावायचा. पॉलिस्टरच्या युनिफॉर्मखाली सुती बनियन. समुद्रात न्या, तो तुमच्या दारातच आहे, पण खारं पाणी अंगावर वाळू देऊ नका आणि कातडी फाटलेली असताना नेऊ नका, चुरचुरून ती पुढच्या वेळी यायची नाही. मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्या. पावसाळ्यात वाळलेत असं वाटणारे पण कुबट वास मारणारे कपडे आणि गोधड्या ही आणखी एक अडचण, दमटपणात धुळीतले बारीक किडे वाढतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं अंथरूण बाहेर काढा.

आता मलम. चट्टा गेला की मलम बंद, दोन आठवड्यांनी पुन्हा चट्टा, पुन्हा मलम. हे चक्र तुमच्या मुलीचं एकटीचं नाही, निम्म्या कोकणाचं आहे. वरचं सगळं वाचल्यावर त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल: लाली गेली तेव्हा चरबी आणि प्रथिनांचं काम रुळावर आलेलं नसतं, दाहाचे ते दोन संदेशवाहक अजून आत कुजबुजत असतात. म्हणून दोन टप्पे. चट्टा भडकला की डॉक्टरांनी दिलेलं योग्य ताकदीचं स्टिरॉईड मलम दिवसातून एकदा, पुरेसं, लाली आणि जाडपणा दोन्ही जाईपर्यंत. बोट फिरवून खरखर लागत असेल तर चट्टा गेलेला नाही. प्रमाण असं मोजा: ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. त्यानंतर दुसरा टप्पा, जो सगळे गाळतात: नेहमी चट्टा येतो त्याच जागी, तिथे काही दिसत नसताना, आठवड्यातून दोन दिवस तेच मलम किंवा टॅक्रोलिमस (स्टिरॉईड नसलेलं, दाह कमी करणारं मलम). शनिवार-रविवार ठरवून टाका. इसब परत उसळण्याचं प्रमाण यामुळे कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. किती महिने, कुठलं मलम, हे तपासून ठरवावं लागतं. टॅक्रोलिमस सुरुवातीचे काही दिवस चुरचुरतं, घाबरून सोडू नका.

स्टिरॉईडची भीती अगदीच खोटी नाही. ही मलमं दाह कमी करतात, पण दीर्घकाळ रोज लावली तर त्वचेची स्वतःची चरबी बनवण्याची ताकदही कमी करतात, कातडी पातळ होते. म्हणूनच थोडे दिवस नीट लावून मग आठवड्याला दोनदावर यायचं. घाबरत घाबरत चिमूटभर लावून सहा महिने ओढण्याने मात्र नुकसानच होतं. आणि खरी भीती बाळगा ती औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या स्टिरॉईड, बुरशीनाशक, अँटिबायोटिक अशा तिन्ही गोष्टी एकत्र कोंबलेल्या ट्यूबांची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातलं, पण काउंटरवर ते किती पाळलं जातं ते तुम्हीच बघा. कडेला लाल गोल रेघ आणि मध्ये साफ असा डाग वाढत असेल तर तो इसब नसून नायटा असू शकतो. त्यावर स्टिरॉईड लावलं तर खाज दोन दिवस थांबते आणि नायटा कंबरभर पसरतो. तसंच आंब्याच्या चिकाने ओठाभोवती आणि बोटांवर आलेले काळपट फोड, काजूची बी फोडताना हाताला लागलेलं तेल, बिब्बा, यांनी होतो तो वेगळा इसब. तिथे त्वचेचं चयापचय जन्मतः बिघडलेलं नसतं, ती वस्तू टाळली की प्रश्न मिटतो.

'वरून दाबलं तर आत जाऊन दमा होईल' असं कोणीतरी म्हणेलच. इसब असलेल्या मुलांना पुढे दमा आणि अॅलर्जीची सर्दी जास्त होते हे खरं आहे, पण ती एकाच प्रकृतीची पुढची पावलं आहेत. मलमाने ती येत नाहीत, मलम टाळल्याने थांबत नाहीत. जन्मापासून मॉइश्चरायझर लावून इसबच टाळता येईल, अशी आम्हाला आशा होती. २०२० मध्ये आलेल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत तीही फोल ठरली. मॉइश्चरायझर झालेला इसब आटोक्यात ठेवतं, येणारा थांबवेल याचा भरवसा नाही.

मग बिघाड आधी त्वचेच्या चरबीत की दाहात? दोन्हीकडून पुरावे आहेत, पण दाहाचं पारडं जड होत चाललंय. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेलं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन फक्त इंटरल्यूकिन ४ आणि १३ चा मार्ग अडवतं, चरबीला हातही लावत नाही. तरी ते घेणाऱ्या रुग्णांच्या त्वचेत सेरामाइडच्या साखळ्या पुन्हा लांब होताना दिसल्या. म्हणजे दाह शांत केला की त्वचा आपली चरबी आपण सुधारते. तुमच्या मुलीला ते इंजेक्शन लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही, आणि ते महागही आहे. पण मलम नीट वापरण्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. खाजेसाठी झोप आणणारी अॅलर्जीची गोळी क्वचित चार रात्री चालेल. तिने इसबाची खाज फारशी थांबत नाही, कारण ती खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते.

काही गोष्टींना मात्र थांबू नका. ताप आणि चट्ट्यांवर अचानक एकसारखे, मध्ये खळगा असलेले, दुखरे बारीक फोड आले तर तो नागीण गटातल्या हर्पिसचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात जा, डोळ्याजवळ असेल तर रात्रीसुद्धा. लस आणि मधाच्या रंगाची खपली, आजूबाजूला गरम सूज, काखेत किंवा जांघेत गाठ, हे जंतूंचं लक्षण, तेही एक-दोन दिवसांत दाखवायचं.

आणि तपासायला आणाल तेव्हा रिपोर्टांची फाईल नसली तरी चालेल. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणा, आणि त्या दिवशी सकाळी तिच्या अंगाला काहीही लावू नका.